वरचा आवाज

"आजच्या दिवस वरचं तू गा," मी सेलिनला सांगितलं. सांगितलं म्हणजे वहीच्या पानावर लिहून दाखवलं, कारण सकाळपासून माझा घसा पार बसला होता.

तिने वाचलं आणि चेलोचा गज मांडीवर आडवा ठेवला. "मी? अगं, मला नाही झेपायचं वरचं. माझा आवाज जाड आहे."

"झेपेल तेवढं गा," अमोघ म्हणाला. "रेकॉर्डर उद्या परत करायचाय. आणि हे एकच गाणं राहिलंय."

ही दोन हजार आठची गोष्ट. आम्ही तिघं 'तिवई' या नावाने गात होतो. अमोघ राजवाडे गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा. सेलिन तुस्कानो चेलो वाजवायची. मी, अरुंधती लिमये, गायची. खरं तर तिघंही गायचो, पण गायिका मी होते. आठ वर्षं शास्त्रीय शिकले होते, विशारद झाले होते. कुणी भेटलं की बाबा माझी ओळख 'आमची गाणारी' अशीच करून द्यायचे.

अमोघच्या आत्याची सहकारनगरला बालवाडी होती. शनिवारी बारा वाजता मुलं घरी गेली की ती खोली आमची. तिथे सगळं छोटं होतं. गुडघ्याइतकी टेबलं, वीतभर उंचीच्या खुर्च्या. आम्ही सतरंजीवर बसायचो. सेलिनला मात्र चेलोसाठी खुर्ची लागायची, म्हणून ती आत्यांच्या टेबलामागची एकुलती एक मोठी खुर्ची घ्यायची. फरशीवर चेलोची खालची सळी घसरायची, म्हणून तिने एक जुनी रबरी चप्पल आणून ठेवली होती. त्या चपलेत सळी रोवायची आणि वाजवायला लागायची.

चेलो तिच्या वडिलांचा. ते वसईहून मुंबईला जाऊन सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचे. पुढे कीबोर्ड आले आणि ते काम संपलं. सेलिन पुण्यात कॅम्पमधल्या एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवायची आणि नन्सच्या होस्टेलवर राहायची. तिच्या बोटांना गुलाबी मेणाचा वास यायचा. गाण्याबद्दल तिचं स्वतःचं मत ठरलेलं होतं. "मी भरीला गाते," असं ती म्हणायची. चर्चच्या गायकवृंदातही लहानपणापासून तिला मागच्या रांगेत उभं करत आले होते, आणि त्यात काही चुकीचं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

गाताना अमोघ आणि मी सेलिनच्या खुर्चीला खेटून गुडघ्यांवर बसायचो आणि तिघं एकाच माइकवर गायचो, गाल गालाला लागतील इतक्या जवळ. वरचा सूर माझा, खालचा तिचा, त्याखाली अमोघ. आवाज एकमेकांत असे मिसळायचे की कुठला कुणाचा हे ऐकणाऱ्याला कळू नये. हीच आमची खासियत होती.

त्या दिवशीच्या गाण्याचं नाव 'चौकट'. 'उन्हाची एक चौकट भिंतीवरून सरकते' अशी त्याची सुरुवात. शेवटी शब्द संपायचे आणि नुसता 'ओ'कार हळूहळू वर चढत जायचा. ती जागा माझी होती. त्या दिवशी मी खालचा सूर घोगऱ्या आवाजात कसाबसा धरला आणि सेलिन वर गेली.

वर गेल्यावर बहुतेकांचा आवाज बारीक होतो. माझाही होतो. तिचा रुंद झाला. चेलो वाजवता वाजवता, डोळे मिटून, ती सहज गेली आणि तिथे थांबली. गाणं संपल्यावर अमोघ काही वेळ बटण बंद करायचंच विसरला.

"चुकलं का कुठे?" सेलिनने विचारलं.

"नाही, नाही. ठीक झालं," अमोघ म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी वहीवर लिहिलं, 'मस्त.' आणि वही मिटली.

दीड महिन्याने केळुसकर सर आले. भार्गव केळुसकर म्हणजे तेव्हा मराठी सिनेमात नव्याने गाजत असलेले संगीत दिग्दर्शक. अमोघच्या मावसभावाने आमची सीडी त्यांच्यापर्यंत पोहोचवली होती. ते काही कामासाठी पुण्यात आले आणि शनिवारी दुपारी चक्क आमच्या बालवाडीच्या दारात उभे राहिले. त्यांना बसायला द्यावं अशी एकच खुर्ची होती आणि तिच्याशी चेलो टेकवलेला होता. अमोघ शेजाऱ्यांकडून खुर्ची आणायला धावला. सेलिन पाणी आणायला मागच्या नळावर गेली. खोलीत सर आणि मी.

"ते शेवटचं गाणं," ते म्हणाले. उभेच होते, भिंतीवरचे मुलांनी रंगवलेले हत्ती बघत होते. "चौकट. त्यात शेवटी वर जाणारा आवाज कुणाचा?"

मी सतरंजीवरच्या वह्या उचलायला लागले.

"वर्षभरात असा आवाज ऐकला नाही मी. एका सिनेमाचं करतोय. त्यात नायिकेची आई गाते, शेतावरच्या घरात, एकटी. मला गोड आवाज नकोय. मला हा आवाज हवाय." ते वळले. "तुझा का?"

"हो," मी म्हणाले.

एवढंच. विचार करून खोटं बोलले असते तर निदान आधी लाज वाटायला वेळ मिळाला असता. तो 'हो' आपसूक आला. वरचा आवाज माझाच असायचा, एरवी नेहमी माझाच असायचा.

तेवढ्यात सेलिन पाण्याचा तांब्या घेऊन आत आली. "सर, पाणी," ती म्हणाली. ते पाणी प्यायले. अमोघ खुर्ची घेऊन आला, तर सर म्हणाले, "बसत नाही रे, निघायचंय. पुढच्या शुक्रवारी अंधेरीला या. हिचा आवाज घेऊन बघतो. आणि चेलोही घेऊन या, दोन ठिकाणी वापरता येईल."

"हिचा?" अमोघ म्हणाला.

"हिचा. चौकटमधला."

अमोघ माझ्याकडे बघत राहिला. सेलिन खाली वाकून चपलेत सळी रोवत होती.

सर गेल्यावर अमोघने मला बाहेर ओढलंच. "अरू, ते गाणं कुणी..."

"माहीत आहे मला. गोंधळ झाला त्यांचा. तिथे गेल्यावर सांगते ना."

"आत्ता फोन कर."

"फोनवर बरं नाही दिसत. समोरासमोर सांगेन. नक्की."

"सेलिनला?"

"तिला कशाला उगाच? आधी त्यांना सांगू दे."

त्याने मान हलवली. अमोघ भांडणारा नव्हता. मला ते माहीत होतं.

घरी मात्र मी सांगितलं. संध्याकाळपर्यंत आईने दोन्ही मावश्यांना कळवलं होतं. बाबांनी चितळ्यांकडून पेढे आणले आणि माझ्या जुन्या गुरुजींकडे स्वतः जाऊन दिले. दर दिवशी मी ठरवत होते की उद्या सरांना फोन करू. मग मला वाटायला लागलं की मीही तसं गाऊ शकेन. गाणं माझंच होतं. जागा माझीच होती. सहा दिवस दार लावून मी तो 'ओ'कार घोटला. शुक्रवारपर्यंत माझी स्वतःची खात्री पटत आली होती.

अमोघच्या वडिलांची ओम्नी घेऊन आम्ही पहाटे निघालो. मागच्या सीटवर चेलो आडवा आणि त्याला धरून सेलिन. ती त्या दिवशी खूप बोलत होती. लॅबमध्ये एका आजोबांची कवळी दुसऱ्याच आजोबांकडे कशी गेली आणि त्यांना ती कशी आठवडाभर व्यवस्थित बसली, हे सांगताना तिला स्वतःलाच हसू आवरेना. मी पुढे बसून हसले. लोणावळ्याला अमोघने चहासाठी गाडी थांबवली. सेलिन हात धुवायला गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "आज नक्की ना?"

"हो रे."

स्टुडिओ छोटा होता. काचेपलीकडे सर, त्यांचे रेकॉर्डिस्ट आणि अमोघ. अलीकडे मी माइकसमोर, आणि माझ्यामागे चार हातांवर सेलिन चेलो घेऊन बसलेली. आधी मला गाऊन बघायचं होतं, चेलो नंतर.

"तीच जागा गा," हेडफोनमध्ये सरांचा आवाज आला. "नुसता शेवट."

मी गायले. सूर एकही चुकला नाही.

"छान. पुन्हा एकदा. जरा मोकळं."

पुन्हा गायले.

"अजून एकदा. गोड करू नकोस. तू गाऊन दाखवतेयस. दाखवू नकोस."

तिसऱ्यांदा गायले. काचेतून मला दिसलं, ते रेकॉर्डिस्टच्या कानाशी वाकले. मग माझ्या कानांत आमचीच सीडी सुरू झाली. अमोघची गिटार, चेलो, आणि तो आवाज, वर जाऊन रुंद होणारा. हेडफोन लावून मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. त्याच्याखाली माझा घोगरा आवाजही ओळखू येत होता, मला तरी.

"हा," सर म्हणाले, आता खोलीतल्या स्पीकरवरून. "हा आवाज मला हवाय. आज कुठे गेला?"

काचेपलीकडून अमोघ माझ्याकडे बघत होता. त्याने अगदी थोडी मान पुढे केली, एखाद्याला पाठीवर हात ठेवून पुढे करावं तशी. आता बोल. मी तोंड उघडलं. बाबा पेढ्यांचा पुडा घेऊन गुरुजींच्या दारात उभे असलेले दिसले मला. मी तोंड मिटलं.

"सर," मागून सेलिन म्हणाली. "त्या दिवशी हिला सर्दी झाली होती. घसा बसला होता. त्यामुळे तसा लागला असेल."

माझी पाठ तिच्याकडे होती. मला वळता येईना.

"सर्दीने आवाज बसतो गं बाई," सर म्हणाले. "उघडत नाही." मग ते माझ्यामागे बघू लागले. "तू गातेस का?"

हा प्रश्न तिला होता. स्पीकरवरून सगळ्या खोलीत ऐकू आला.

आता मी वळले. सेलिन सरांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. साथीदाराने गायकाकडे बघावं तशी, तो कधी उचलतो त्याची वाट बघत. ती थांबली होती. मी तिच्या पायांशी बघितलं. ती चप्पल तिने इथेही आणली होती.

"भरीला गाते, सर," ती म्हणाली. "खालचा."

"बरं," सर म्हणाले. आवाजात काही उरलं नव्हतं. "ठीक आहे. चेलोचे दोन तुकडे घेऊन टाकू."

तिने दोन्ही तुकडे एका दमात वाजवले. सरांनी आत येऊन तिचं कौतुक केलं. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चांगला आहे गळा. मेहनत कर." नायिकेच्या आईचं ते गाणं पुढे दुसऱ्याच एका गायिकेने गायलं. त्यांना त्या दिवशी खरं कळलं होतं का, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. कळलं असेल तरी त्यांनी दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा का विचारावं?

परतताना लोणावळ्याला आम्ही थांबलो नाही. सेलिन चेलोवर डोकं ठेवून झोपली होती, किंवा तसं दाखवत होती. होस्टेलच्या फाटकाशी मी उतरून तिला चेलो काढायला मदत केली.

"सेलिन..."

"उद्या लवकर जायचंय गं लॅबला," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या शनिवारी ती आली. वाजवलं. गायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "तुम्ही दोघं गा. माझा घसा ठीक नाही." त्याच्या पुढच्या शनिवारीही घसा ठीक नव्हता. तिसऱ्या शनिवारी अमोघने विचारलंच नाही. माझा आवाज चेलोवर एकटा राहिला आणि तो किती पातळ आहे हे तेव्हा मला ऐकू यायला लागलं. तीन महिन्यांनी वडिलांची तब्येत बरी नाही म्हणून ती वसईला परत गेली. 'तिवई' मोडली असं कुणी म्हटलं नाही. शनिवारी खोली उघडायची बंद झाली, एवढंच.

त्यानंतर चौदा वर्षं आमची भेट नव्हती. वाढदिवसाला मेसेज, नाताळला मेसेज. मी एका शाळेत संगीत शिकवायला लागले होते. एका फेब्रुवारीत अमोघचा फोन आला, सेलिनचे पप्पा गेले, महिना होत आला. "मी जाऊन आलो," तो म्हणाला. "तू जाऊन ये."

मी गेले. वसईजवळच्या नंदाखाल गावाच्या बाजूला त्यांचं घर. अंगणात स्वच्छ सारवलेली जमीन, मागे केळी. सेलिनच्या केसांत पांढरं दिसत होतं. वसईत तिची स्वतःची लॅब होती, हाताखाली तीन मुली होत्या. ती मला बघून मनापासून हसली, आणि त्याने मला आणखीच अवघडल्यासारखं झालं. तिची आई सोफ्यावर माझ्याशेजारी बसली. माझा हात धरून पप्पांच्या आजारपणाचं सगळं सांगितलं. सेलिन समोर बसून केळ्यांच्या वेफर्सची बशी पुढे सरकवत होती.

"तू पुण्याची, म्हणजे तुला माहीत असेल," आई म्हणाली. "हिचे पप्पा हिला म्हणायचे, वाजव, गाऊ नको. गळा जाड आहे तुझा. मग एकदा ही पुण्याहून आली. शनिवारची निघाली आणि थेट इथे. दारातूनच ओरडली, मम्मी, एक मोठा माणूस म्हणाला, असा आवाज वर्षभरात ऐकला नाही. माझा! मी म्हटलं, कोण माणूस? तर सिनेमावाला. पप्पा म्हणाले, मग बोलावलं का तुला? म्हणाली, नाही पप्पा, दुसरीला बोलावलं. पप्पा हसले. खूप हसले गं. ते काही वाईट मनाने नाही हसले."

"मम्मी," सेलिन म्हणाली. "किती जुनं झालं ते."

"जुनं कसं? तेव्हापासून गायलीस का तू कधी? दवाखान्यात होते तेव्हा पप्पांनी सांगितलं, सेली, ते पुण्याचं गाणं म्हण ना. तर म्हणे येत नाही आता. चर्चमध्ये त्यांच्या मिस्साला सुद्धा नुसती उभी होती." आई माझ्याकडे वळली. "तुम्ही बरोबर होता ना गं तेव्हा? कोण होती ती दुसरी? ही कधी नाव सांगत नाही."

"मम्मी, राहू दे ना. तिला काय माहीत," सेलिन म्हणाली.

"मी होते, आंटी," मी म्हटलं.

आईने माझा हात सोडला नाही. तिला नीट उलगडलं नव्हतं. "म्हणजे चुकून तुला बोलावलं त्यांनी?"

तो गैरसमज तसाच पुढे नेणं किती सोपं होतं. सेलिनसुद्धा तेच म्हणून मोकळी झाली असती.

"नाही, चुकून नाही. त्यांनी मला विचारलं आवाज कुणाचा. मी म्हटलं माझा."

आईने सेलिनकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"मी दाराशीच होते," सेलिन म्हणाली. "पाणी घेऊन."

मग आईने माझा हात माझ्याच मांडीवर ठेवला, हळू, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा. उठली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला. पुन्हा बाहेर आली नाही.

सेलिन मला फाटकापर्यंत सोडायला आली. तिथे पोहोचेपर्यंत मी धीर केला.

"सरांनी तुला विचारलं होतं. तू का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तू सांगशील." ती केळींकडे बघत होती. "वाद्यवृंदात आपली पाळी येईपर्यंत मात्रा मोजत बसावं लागतं ना, पप्पांनी शिकवलेलं. तसं मी मोजत होते. आठ मोजल्या. मग म्हटलं अजून आठ."

"सेलिन, मला माफ..."

"मम्मीला सांगितलंस ते बरं झालं," ती म्हणाली. "फाटक लावून घे हं. कुत्रा रस्त्यावर जातो."

ती परत गेली. मी कडी लावली, पण लगेच निघवेना. घरातून आईचा चढलेला आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, मधूनच माझं नाव तेवढं ऐकू यायचं. आणि दर वेळी त्यामागून सेलिनचा आवाज, खालचा, ठाय, समजूत घालणारा. आजही ती माझीच बाजू सांभाळत होती.